एकोणीस टोपी-टॉवेल

एका माणसाला एकाच लग्नात एकोणीस वेळा टोपी-टॉवेलाचा मान मिळण्याचा विक्रम आमच्या भावकीच्या नावावर आहे, आणि तो माझ्यामुळं झाला.

मी निवृत्त शिक्षक. पण तेरमध्ये आणि आसपासच्या दहा-बारा गावांत मला ओळखतात ते शाळेमुळं नव्हे, माइकमुळं. लग्न कुणाचंही असो, नवरदेव परण्याला, म्हणजे वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला, निघाला आणि मंडपात माणसं बसली की माझं काम सुरू. चिठ्ठी हातात येते, मी नाव पुकारतो, त्या माणसानं स्टेजवर यायचं, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, फोटो आणि खाली. तीस वर्षांत हजारो नावं घेतली असतील. माझी एक बढाईसुद्धा ठरलेली असायची. "मी चिठ्ठी डोळ्यांनी वाचत न्हाय, तोंडानं वाचतो!" (ही बढाई लक्षात ठेवा. शेवटी ती माझ्याच अंगाशी येणार आहे.)

बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढ्याशा टॉवेलाचं काय कौतुक! तर त्या टॉवेलानं आमच्याकडं कुणी अंग पुसत नाही आणि ती टोपी कुणी घालत नाही. मिळालेला जोड घरी कपाटात जातो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला जातो. सात लग्नं हिंडून आलेला, घडी न मोडलेला एक टॉवेल मी स्वतः ओळखतो. महत्त्व कापडाला नाही. नाव माइकवर यायला हवं आणि दुसऱ्याच्या आधी यायला हवं, एवढंच. क्रम चुकला की भावकी तुटते.

आमची तशी तुटली होती. नाना माझे चुलतभाऊ, भावकीत सगळ्यांत वडील. लहानपणीच त्यांची आई गेली आणि माझ्या आईनं त्यांना माझ्याच ताटात जेवू घालून वाढवलं. बारा वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ बबन याच्या घराच्या वास्तुशांतीला मी नानांचं नाव तिसरं घेतलं. चिठ्ठ्या तशाच आल्या होत्या, मी तोंडानं वाचल्या. नाना उठले, टोपी झटकली आणि न जेवता निघून गेले. त्यानंतर बारा वर्षं आमच्या उंबऱ्याला त्यांचा पाय लागला नाही. रस्त्यात भेटले तर माझ्याशी फक्त पावसापाण्याचं बोलायचे, तेही आभाळाकडं बघून.

बबनच्या मुलाचं, महेशचं लग्न ठरलं तेव्हा ऐंशी ओलांडलेली आई हट्टाला पेटली. "माज्या डोळ्यांदेखत नाना आपल्या पंगतीला बसला म्हंजी मी सुटले," असं म्हणून ती एकटीच ऑटोनं नानांच्या शेतातल्या घरी जाऊन अक्षत देऊन आली. नाना म्हणाले, "येतो काकू. पर चप्पल काढनार न्हाय. मास्तर पैलं नाव कुनाचं घेतोय ते बघीन आन मग बसायचं का जायचं ठरवीन."

म्हणजे आईची इच्छा, भावकीची एकी आणि माझी तीस वर्षांची अब्रू, सगळं एका चिठ्ठीवर येऊन ठेपलं!

आता माझी मुलगी पल्लवी. तिच्याबद्दल मी मोजकंच सांगणार आहे, कारण सुरुवात केली की मी थांबत नाही, असं घरचे म्हणतात. तिनं तुळजापूरला इंजिनिअरिंग केलं आणि आता ती पुण्यात एका कंपनीत आहे. कारखान्यांची बिलं, पावत्या कुणी हात न लावता आपोआप छापून बाहेर पडतात, तसली कामं ती करते. (कंपनीत तिच्या हाताखाली चार माणसं आहेत. चारही पुरुष! बरं, थांबलो.) सुट्टीवर आली होती, तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आप्पा, चिठ्ठ्यांचा घोळ मी मिटवते. तुम्ही फक्त मानाचा क्रम सांगा."

तीन दुपारी आणि किती चहा लागले कुणास ठाऊक, पण मी भावकीचा सगळा मानपान तिला लिहून दिला. कोण कुणाच्या आधी, कुणाला कुणाच्या लगेच नंतर घेऊ नये, सोनारीचे पाहुणे आणि आमचे मामा यांच्यामध्ये किमान दोन नावं का असावी लागतात, सगळं. पोरीनं ते ऐकून फक्त एवढंच म्हटलं, "यापेक्षा कारखाने सोपे आहेत."

मग तिनं सगळ्यांना बसवून योजना सांगितली. दोन छोटे प्रिंटर, तिकिटं छापतात तसले. एक स्टेजवर माझ्यापुढं, एक आहेराच्या खोलीत बबनच्या बायकोपुढं, म्हणजे मालनपुढं. नाव दोन्हीकडं एकाच वेळी छापून येणार. इकडं मी पुकारणार, तिकडून मालन टोपी-टॉवेलाचा जोड पाठवणार. चुकायला जागाच नाही.

"आन हे छापनार कोन?" बबननं विचारलं.

"सर्व्हर, काका. इंटरनेटवरचा कॉम्प्युटर."

"त्यो कुठं अस्तो?"

"कुठं का असेना! मुंबईत असेल, हैदराबादला असेल."

"हैद्राबादच्या कॉम्प्युटरला आपली भावकी कळंल व्हय?" बबन म्हणाला. "आपल्याला हितं राहून कळंना!"

"आप्पांनी सगळी शिकवलीय त्याला."

बबननं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यात त्या हैदराबादच्या कॉम्प्युटरविषयी निव्वळ दया होती.

माझ्या फोनमध्ये तिनं एकच मोठं हिरवं बटण करून दिलं. "आप्पा, नाना येऊन बसले की हे दाबायचं. या बटणावर नानांची चिठ्ठी येईल, ती झाली की बाकीच्या आपोआप क्रमानं, एकेकदा. एकदाच दाबायचं. उशीर लागला तरी एकदाच."

"मी मास्तर हाय, मला एकदा सांगितलं की कळतं," मी म्हणालो. घरी तालीम झाली. बटण दाबल्याबरोबर दोन्ही खोल्यांत खर्रर्र करून नानांचं नाव बाहेर! आईनं प्रिंटरला हळदकुंकू वाहिलं. मी गल्लीतल्या निदान वीस माणसांना बोलावून ते नाव परत परत छापून दाखवलं, शेवटी पल्लवीनं कागदाचा रोल लपवून ठेवला.

लग्नाचा दिवस. कार्यालय धाराशिवच्या रस्त्याला, ऊन डोक्यावर, आणि माझ्या डोक्यावर नऊ वारांचा फेटा. महेश घोड्यावर बसून परण्याला गेलेला. स्टेजवर माझ्या टेबलामागं विजेचा एक बोर्ड होता, त्यावर तीन जागा. एकीत माइकचं मशीन, दुसरीत प्रिंटर आणि तिसरीत पल्लवीनं लावलेली एक छोटी डबी. ती डबी काहीही करत नव्हती, नुसती हिरवे डोळे मिचकावत होती. मी घामानं भिजलेलो, चष्मा सारखा घसरतोय, म्हणून काढून खिशात घातलेला. कार्यालयाचा टेबल फॅन शेजारी उभा आणि त्याला जागा नाही! मी त्या डबीची वायर काढली आणि फॅन लावला. काय गार वारा लागला म्हणून सांगू!

तेवढ्यात नाना आले. सगळ्यांत शेवटच्या ओळीत, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. पायात चप्पल. फाटकावरून पल्लवीनं मला हात केला. मी मनोभावे तुळजाभवानीचं नाव घेऊन बटण दाबलं.

काहीच नाही.

म्हटलं, हैदराबाद लांब आहे. थांबलो. मनात दहा मोजले. काहीच नाही. परत दाबलं. काहीच नाही. मग जरा जोरात दाबलं. (लिफ्टचं बटण जोरात दाबल्यावर लिफ्ट लवकर येते, असं मानणाऱ्यांपैकी मी एक आहे.) समोर माणसं कुजबुजायला लागली. नानांचा चप्पल घातलेला पाय हलायला लागला. आई पहिल्या ओळीतून माझ्याकडं एकटक बघतेय.

बबन स्टेजवर चढला. "मास्तर, वाच की!"

"चिठ्ठी आल्याबिगर काय वाचू?"

"आरं, नाना म्हन की! नाव म्हाईत न्हाय का तुला?"

नाव मला झोपेतसुद्धा माहीत होतं. खरं सांगतो, त्या वेळी मी नुसतं तोंड उघडून "नाना" म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण पोरीच्या मशीनचा भावकीपुढं पहिलाच दिवस! मी तोंडी नाव घेतलं असतं तर सगळे म्हणाले असते, "बघा, मास्तरच्या पोरीचं मशीन फसलं." ते मला मेलो तरी चाललं नसतं. म्हणून मी तोंड मिटून बटण दाबत राहिलो. अंगठ्यानं दाबलं, तर्जनीनं दाबलं, एकदा टेबलाखाली धरून गुपचूप दाबलं.

नाना उभे राहिले. टोपी झटकली. बारा वर्षांपूर्वी झटकली होती, अगदी तशीच. आणि दाराकडं वळले. आई बसल्या जागी हळूच म्हणाली, "नाना, आरं..." पण मंडपातल्या गलक्यात तिचं कुणाला ऐकू जाणार!

पल्लवी फाटकापासून धावत स्टेजवर आली. बोर्डाकडं पाहिलं, फॅनकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"आप्पा! राउटर कुणी काढला?"

"ते डोळे मिचकावनारं? मी. काई कामाचं न्हवतं."

ती एक शब्द बोलली नाही. (आईवर गेलीय. तिची आईसुद्धा अशा वेळी एक शब्द बोलत नाही, तेच जास्त लागतं.) फॅनची वायर उपटली, डबी लावली. डबीनं एकदा लाल डोळा उघडला, मग हिरवा, आणि प्रिंटरनं खर्रर्र करून चिठ्ठी बाहेर काढली. नाना दारात, एक पाय बाहेर. मी छाती भरून श्वास घेतला आणि गर्जलो, "आजच्या मंगलकार्यात पहिला मान! आमच्या घराण्याचे वडीलधारे, श्री. नारायण किसनराव, यांनी स्टेजवर यावं!"

दारातला पाय थांबला. नाना वळले. सगळ्या मंडपातून, सावकाश, प्रत्येक ओळीत दोन्हीकडं बघत, ते स्टेजवर आले. बबननं टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला, पाया पडला. आईनं पदर डोळ्यांना लावला. मी पल्लवीकडं अशा रुबाबात बघितलं, जसा काही तो सर्व्हर मीच हैदराबादला नेऊन ठेवला होता.

खर्रर्र. दुसरी चिठ्ठी. मी तोंडानं वाचली. "यानंतर श्री. नारायण किसनराव यांनी..."

नाना अजून पायऱ्यांवरच होते. तेवढ्यात आहेराच्या खोलीतून दुसरा जोडही आला, कारण मालनपुढंही तीच चिठ्ठी पडली होती आणि मालन हुकमाची पक्की! खर्रर्र. तिसरी. या वेळी मी चिठ्ठी डोळ्यांपाशी नेऊन पाहिली. पुन्हा नाना! खर्रर्र, खर्रर्र, प्रिंटर थांबेना.

"आप्पा," पल्लवी कानाशी म्हणाली, "बटण किती वेळा दाबलं?"

"एकदाच! म्हंजी... एकदा, एकदा करून."

"तुमचा फोन मोबाइलच्या नेटवर आहे. तुम्ही जेवढ्या वेळा दाबलं, तेवढं सगळं सर्व्हरला पोचलंय. राउटर बंद, म्हणून प्रिंटरना नेट नव्हतं, तोवर त्यानं ते जपून ठेवलं. आता सगळं एकदम आलं."

"मग दुसऱ्यांची नावं?"

"नाना क्रमांक एक आहेत. फोनवर एकोणीसदा दाबल्याचं दिसतंय, म्हणजे आधी त्यांच्याच एकोणीसच्या एकोणीस चिठ्ठ्या येणार."

तुम्हाला सांगतो, त्या संकटातसुद्धा माझा ऊर भरून आला. काय पक्कं काम केलं होतं पोरीनं! एक चिठ्ठी हरवली नाही, एक क्रम चुकला नाही!

पण आता करायचं काय? माइकवर घेतलेलं नाव मागं घेणं म्हणजे माणसाच्या डोक्यावरची टोपी परत मागणं. "चूक झाली" म्हणावं तर नाना गेले, आणि मशीनची बदनामीही झाली. मी खाकरलो आणि म्हणालो, "हा दुसरा मान... वधूच्या मामांच्या वतीनं! मामांनी स्टेजवर यावं." मामा बिचारे गडबडीत आले आणि त्यांनी नानांना टॉवेल दिला. तिसरा जावयांच्या वतीनं. चौथा सोनारीच्या पाहुण्यांच्या वतीनं. पाचवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या वतीनं. (नाना शाळेत दुसरीपर्यंत होते, पण होते!) नाना प्रत्येक वेळी अर्ध्या पायरीवरून परत वर येत होते. नवव्या वेळेला त्यांनी उतरण्याचा नाद सोडला आणि स्टेजवरच खुर्ची मागवली.

तिकडं आहेराच्या खोलीत नानांच्या चिठ्ठ्यांनी टॉवेल संपत आले. मालन दारातून ओरडली, "पल्लवे, हे कोन नारायन हायेत? आख्खी भावकी नारायन झाली का काय?" पण बाई डोक्यानं तल्लख. नानांच्या खुर्चीमागं साठलेली थप्पी तिनं मागच्या बाजूनं हळूच उचलून नेली आणि तेच जोड पुन्हा पाठवायला सुरुवात केली. आमच्याकडं टॉवेल हिंडतो हे मी सुरुवातीलाच सांगितलंय. त्या दिवशी तो दर पाच मिनिटांनी हिंडला.

बाराव्या टॉवेलाला नानांनी हात वर केला. "मास्तर, थांब जरा. बारा वर्सं रुसलो व्हतो, बारा टावेल झाले. फिटंफाट झाली. आता ह्ये फुडचे कशाचे?"

माझ्या हातात अजून सात चिठ्ठ्या होत्या. माइक चालू होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाना, फुडच्या रुसव्याचे आगाऊ!"

मग नाना हसले. असे हसले, की टोपी पडली आणि खांद्यावरचा टॉवेल घसरला. "लई बाराचा हाईस तू दत्त्या! दे, दे, सातबी दे!" आणि हसता हसता त्यांनी वाकून चप्पल काढली, पायानं खुर्चीखाली सरकवली. आईनं ती सरकलेली चप्पल पाहिली. ऐंशी ओलांडलेली माझी आई भर मंडपात उठून उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात जोडले, देवाला की पल्लवीला की त्या प्रिंटरला, ते मला अजून कळलेलं नाही.

एकोणिसावा टॉवेल मी "शेजारच्या कार्यालयातल्या मंडळींच्या वतीनं" दिला, कारण आमच्याकडची मंडळी संपली होती. त्यानंतर बाकीची नावं सुरळीत निघाली आणि कुणीही रुसलं नाही. बहुतेक सगळे नानांना टॉवेल द्यायला आधीच एकदा स्टेजवर येऊन गेले होते, प्रत्येकाचा फोटो निघाला होता. दुसऱ्याचा मान केलेला माणूस रुसणार कशावर? भावकीतलं इतकं शांत लग्न मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. बबन येऊन पल्लवीला म्हणाला, "पोरी, तुज्या हैद्राबादवाल्याला आपली भावकी लई बेस कळली बग!" मी त्याला तेच परत एकदा, जरा मोठ्यानं म्हणायला लावलं.

आणि मग शेवटची चिठ्ठी आली. एव्हाना घसा बसला होता, घाम डोळ्यांत जात होता, चष्मा खिशात. मी सवयीनं तोंडानं वाचली. "श्री. दत्तात्रय ज्ञानोबा, यांनी स्टेजवर यावं."

कुणी आलं नाही. परण्या परत येत होता, बँड जवळ आला होता. मी परत पुकारलं. "श्री. दत्तात्रय ज्ञानोबा! जिथं असतील तिथून ताबडतोब यावं." मंडपात हसू पसरायला लागलं. मला रागच आला. तिसऱ्यांदा मी चांगलाच आवाज चढवला, "काही माणसांना मान द्यायला बोलवावं, तरी वेळेचं भान नसतं! दत्तात्रयराव, सगळं लग्न तुमच्यासाठी खोळंबलंय!"

पहिल्या ओळीतून आई म्हणाली, "आरं दत्त्या, त्यो तूच हाईस की!"

तीस वर्षं सगळे मला मास्तर म्हणतात. वडिलांच्या नावासकट माझं पूर्ण नाव माइकवर त्याआधी कधी आलंच नव्हतं, कारण माइक माझ्या हातात! पल्लवी मागं उभी राहून डोळे पुसत होती. म्हणाली, "आप्पा, तुम्ही मला सगळ्या भावकीचा क्रम सांगितला, त्यात तुमचं नाव कुठंच नव्हतं. म्हणून मी शेवटी टाकलं. रुसणार नाही असा एकच माणूस मला माहीत होता."

टॉवेल उरला नव्हता. नानांनी स्वतःच्या खांद्यावरचा काढून माझ्या खांद्यावर टाकला, आणि पंगतीत आईच्या एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला मी, असे जेवायला बसलो. तो टॉवेल मी पुढं कुणाला दिला नाही. लोक अजून विचारतात, "मास्तर, तुमच्या पोरीच्या मशीनमध्ये त्या दिवशी बिघाड झाला होता म्हणे?" मी छाती पुढं काढून सांगतो, "मशीन एक नंबर चाललं. बिघडलेला भाग एकच होता, तो फेटा बांधून माइकपुढं उभा होता!"